खाचेखालचा पारा

मिस लेथमने दार वाजवायला हात उचलला, तोच ते आतून उघडलं आणि मार्था क्लेग तिच्या अंगावरच आली.

"जा, जा आत," मार्था म्हणाली. "बघा तुमच्या कायद्यानं काय करून ठेवलंय ते. नवरा वर डोळे सताड उघडे टाकून पडलाय, आणि ही बया खाली चहा पीत बसलीय!"

एवढं बोलून ती पायरी उतरली. तिच्या लाकडी तळाच्या बुटांचा खडखडाट गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू येत राहिला. मार्थाचा राग आधी बुटांना यायचा आणि मग तोंडाला. आज तो दोन्हींना एकदम आला होता.

मिस लेथमने मागे वळून गल्लीकडे पाहिलं. सगळ्या घरांचे पडदे खाली ओढलेले होते, गल्लीत कुणी गेलं की ओढतात तसे. हे आधीच लक्षात यायला हवं होतं. पण क्रॅगडेनच्या दगडी चढावर सायकल ढकलताना माणूस चाकाकडे बघतं, खिडक्यांकडे नाही. तिने सायकल भिंतीला टेकवली, टोपी सारखी केली आणि ती आत गेली.

सुईणींची तपासणी करायला ती दर तीन महिन्यांनी यायची. पिशवी उघडून बघायची, नखं बघायची, वही बघायची. आमच्या बायका तिला घाबरत नसत, पण ती येणार म्हटलं की चुलीवरची भांडी घासायला घेत, म्हणजे घाबरतच असाव्यात. १९११ सालच्या मे महिन्यातल्या त्या दिवशी मात्र ती एका खास कामासाठी आली होती. थर्झा होल्टच्या वहीतल्या एक्केचाळीस बाळंतिणी तिने मागच्या खेपेला उतरवून नेल्या होत्या. प्रत्येकीचा दहा दिवसांचा ताप, आणि जिथे तिथे एकच आकडा: ९८.४. एकाच कोंबडीची अंडीसुद्धा इतकी सारखी नसतात. चार ठिकाणी तर आकडाही नव्हता, नुसती आडवी रेघ. ही बाई थर्मामीटर लावतच नसणार, असा मिस लेथमचा हिशेब होता, आणि तो खरा निघाला तर थर्झाचं नाव सुईणींच्या यादीतून काढण्याचा अर्ज तिच्या पिशवीत अर्धा भरून तयार होता.

थर्झा स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसली होती. पासष्टीची, हाडापेराने मोठी बाई. समोर स्वच्छ टॉवेल पसरला होता आणि त्यावर तिने दोन्ही हात पालथे ठेवले होते, भाजायला ठेवलेल्या पावासारखे. घासून घासून ते लालबुंद झाले होते. चहाचा कप भरलेलाच होता आणि त्यावर साय धरली होती.

"मिसेस होल्ट, मला माहीत नव्हतं," मिस लेथम म्हणाली. "फार वाईट झालं."

"सकाळी सहाला गेला. गिरणीचा भोंगा वाजत होता. तो म्हणाला, 'चहा टाक की आता.' म्हणून मी खाली आले. वर गेले तर संपलेलं." थर्झाने हातांकडे पाहिलं. "तेव्हापासून मी त्या खोलीच्या उंबऱ्याआत पाऊल टाकलेलं नाही. डोळेसुद्धा मिटले नाहीत त्याचे."

भिंतीवरचं घड्याळ सहाला थांबवलेलं होतं. ते तेवढं तिने केलं होतं. घड्याळाला हात लावायला कायद्याची ना नव्हती.

आमच्या गल्लीत जी बाई तुम्हाला जगात घ्यायची तीच तुम्हाला शेवटी आवरूनही द्यायची. अंघोळ घालणं, हनुवटी बांधणं, पांढरे मोजे चढवणं. तीस वर्षं दोन्ही कामं थर्झाची होती. सहा वर्षांपूर्वी कायदा आला, चांगल्या चालीचा दाखला पाद्रीबुवांनी दिला आणि थर्झाचं नाव यादीत लागलं. त्याबरोबर नियमही आले: सुईणीने प्रेताला हात लावायचा नाही. थर्झाने ते काम सोडलं आणि ते मार्था क्लेगने उचललं. मार्थाचं नाव कुठल्याच यादीत नव्हतं, त्यामुळे तिला कुठलाच नियम लागू नव्हता. अडल्यानडल्या वेळी ती बाळंतपणालाही जाई, 'शेजारीण म्हणून'.

"मिसेस क्लेगना करू द्यायला तुमची हरकत आहे का?" मिस लेथमने विचारलं.

"माझी कसली हरकत? त्याची होती. या हिवाळ्यात तीनदा वचन घेतलंन माझ्याकडून. म्हणाला, मला त्या मार्थाच्या हाती देऊ नकोस. मी मेलो तरी तिची बडबड मला ऐकू येईल." थर्झाच्या ओठांचा कोपरा जरासा हलला आणि पुन्हा जागेवर आला. "मी म्हटलं, वेड्या, मीच करीन. दुसरं कोण करणार? तेव्हा ॲडाचे दिवस मोजले नव्हते मी."

"ॲडा कोण?"

"ॲडा ग्रिम्शॉ. इथून पाचवं घर. आज-उद्यात मोकळी होईल."

ॲडाची गोष्ट गल्लीत सगळ्यांना ठाऊक होती, मिस लेथमला तेवढी नव्हती. थर्झाने ती सांगितली, आवाज न चढवता. ॲडाचं पहिलं मूल सातव्या महिन्यातच गेलं. दुसऱ्याच्या वेळी थर्झा डोंगरापलीकडच्या एका शेतघरात बर्फात अडकली होती. म्हातारा हॉवर्थ त्याच सकाळी गेला होता. मार्था त्याला आवरून, हात पुसून, तशीच ॲडाकडे गेली. तिच्या मनात काही वाईट नव्हतं. मदतीलाच धावली होती बिचारी. चौथ्या दिवशी ॲडा तापाने फणफणली. सहाव्या दिवशी मूल गेलं. ॲडा उन्हाळ्यापर्यंत अंथरुणात होती.

"आता हे तिसरं," थर्झा म्हणाली. "मी एनॉकला हात लावला तर ॲडाकडे जाता येत नाही. मी गेले नाही तर मार्था जाणार. डॉक्टर पाच मैलांवर, आणि तो येतो तेव्हा सगळं उरकलेलं असतं. म्हणजे बघा, मार्थाला मला काहीतरी द्यावंच लागतं. एनॉक तरी, नाहीतर ॲडा तरी."

"नात्यातलं कुणी नाही?"

"त्याची बहीण. तार केलीय. संध्याकाळच्या गाडीनं येईल. किती वाजले?"

मिस लेथमने कमरेचं घड्याळ पाहिलं. "दहा."

"आत्ता आखडायला लागलाच असेल. दुपारनंतर कुणाच्याच हातून नीट व्हायचं नाही."

ती हे रडत म्हणाली असती तर मिस लेथमने चार सांत्वनाचे शब्द बोलून अर्ज पुढच्या खेपेवर ढकलला असता आणि निघून गेली असती. पण थर्झा रडत नव्हती. ती कामाची वेळ निघून चाललेल्या कामकरी बाईसारखी बसली होती. मिस लेथमने टोपी काढून खुंटीला लावली आणि बाह्यांचे कडक कफ सोडवायला घेतले.

"गरम पाणी आहे?"

थर्झाने मान वर केली. तिने आधी मिस लेथमच्या तोंडाकडे पाहिलं नाही, हातांकडे पाहिलं.

"कधी केलंय पूर्वी?"

"वॉर्डात. दहा वर्षं झाली."

"वॉर्डात बिछाना रिकामा करायची घाई असते. इथे तशी घाई नाही."

"बरं," मिस लेथम म्हणाली.

वरच्या खोलीत एक पलंग, एक खुर्ची, एक स्टूल, एक खिडकी. एनॉक होल्ट लाकडी तळाचे बूट बनवायचा; सगळ्या गल्लीचे पाय त्याला पाठ होते. छातीच्या दुखण्याने त्याला दोन वर्षं वरच बसवलं होतं आणि आता उचलायला फारसं काही उरलं नव्हतं. थर्झाने स्वयंपाकघरातल्या कपाटातलं गाठोडं आणून उंबऱ्याच्या आत जमिनीवर ठेवलं आणि ती मागे सरकली. चादर, पांढरे मोजे, इस्त्रीचा नाइटशर्ट, पट्ट्या, आणि जुन्या राणीच्या तोंडाची दोन तांब्याची नाणी. त्याच दोन नाण्यांनी आमच्या गल्लीतले निम्मे डोळे मिटले होते.

"आधी डोळे," उंबऱ्यापलीकडून थर्झा म्हणाली.

मिस लेथमने डोळे मिटले आणि नाणी ठेवली. थर्झाने सोडलेला श्वास तिला पाठीमागे ऐकू आला.

"आता हनुवटी. फार आवळू नका. मार्था आवळते, मग माणूस रागावल्यासारखा दिसतो. हं. पुरे. आता उजवा हात आधी. डावा खांदा दुखतो त्याचा."

मिस लेथमने उजवा हात आधी घेतला. तिने 'दुखायचा' असं म्हटलं नाही, आणि थर्झानेही नाही. चेहरा, मान, छाती, थर्झा सांगेल त्या क्रमाने. पाणी बदललं. भांग उजवीकडे पाडला होता तो पुसून डावीकडे पाडला. इतका वेळ एका माणसाला दिल्याचं मिस लेथमला कित्येक वर्षांत आठवत नव्हतं. तिचं आयुष्य आता पिशव्या आणि वह्या तपासण्यात जात होतं.

उजव्या हाताच्या मधल्या बोटावर निळा-काळा डाग होता. तिने साबण लावला, घासलं. डाग हलेना.

"राहू द्या," थर्झा म्हणाली. "शाई आहे ती."

मिस लेथमचा हात थांबला. उशाशी स्टुलावर दौत होती, टाक होता, आणि त्यांच्याखाली एक निळ्या पुठ्ठ्याची वही. ती वही तिला चांगली ओळखीची होती. तिच्यातलं गोल, ठसठशीत अक्षर एखाद्या गिरणीत वाढलेल्या बाईचं कसं, हा प्रश्न तिला आजवर पडला नव्हता.

"वही मिस्टर होल्ट लिहायचे," ती म्हणाली.

थर्झाने उंबऱ्यापलीकडून वहीकडे पाहिलं.

"आता कळलंच आहे. मी आठव्या वर्षापासून गिरणीत होते. शाळेत अर्धा दिवस जायचे ती झोपायला. मला लिहिता येत नाही आणि वाचताही येत नाही. आकडेही नाही. तुमचे नियम एनॉक दर रविवारी मोठ्यानं वाचायचा. लोक जेवणाआधी प्रार्थना म्हणतात, आमच्याकडे नियम. विचारा कुठलाही."

"आणि ताप?" मिस लेथम म्हणाली. ती पाठमोरीच राहिली. "सगळीकडे एकच आकडा आहे, मिसेस होल्ट. एक्केचाळीस बायकांना."

थर्झा खाली गेली. जिन्यावर पावलं वाजली, पिशवीची कडी वाजली, पुन्हा पावलं वाजली. मिस लेथम वळली तेव्हा थर्झा दारात उभी होती आणि तिच्या हातात थर्मामीटर होता. मिस लेथमने हात पुढे केला.

"लावू नका हात. उद्या हा ॲडाच्या तोंडात जायचाय. लांबूनच बघा."

तिने तो खिडकीच्या उजेडासमोर आडवा धरला. काचेवर, शंभरच्या किंचित वर, केसाएवढी बारीक खाच होती. डॉक्टरला बोलवावं असं नियम जिथे म्हणतो, बरोबर तिथे.

"बुटाच्या खिळ्यांची कानस होती त्याची, त्यानं केली. चार थर्मामीटर फुटले, हा पाचवा. मी आधी उलटा हात कपाळाला लावून बघते. माझा हात मला सांगतोच. मग हा लावते. पारा खाचेखाली असला तर घरी येऊन सांगते, खाचेखाली. मग एनॉक तो आकडा लिहायचा. काचेवर तिथे बाण काढलाय ना, तो. म्हणायचा, बाण उगाच कोण काढेल?"

"आणि खाचेच्या वर गेला तर?"

"तर मी घरी येतेच कुठे? तिथूनच डॉक्टरला माणूस धाडते. मग एनॉक नुसती रेघ मारायचा. किती होता ते मला सांगता येत नाही, आणि खोटं लिहायचं नाही म्हणायचा."

चार रेघा. मिस लेथमने मनातल्या मनात वहीची पानं उलटली. त्या चार नावांपुढे शेवटच्या रकान्यात बारीक अक्षरात 'डॉक्टर' असं लिहिलेलं होतं आणि ते तिने पाहिलंही होतं. रेघ म्हणजे आळस असं तिने धरलं होतं, म्हणून दोन्ही एकाशेजारी एक असूनही तिला दिसले नव्हते. चौघीही जणी जिवंत होत्या. त्यातली एक तर मघाशी कोपऱ्यावरच्या दुकानात तिला बटाटे निवडताना दिसली होती. मिस लेथमला स्वतःची लाज वाटली, आणि ती लपवायला तिने टॉवेल पुन्हा पिळायला घेतला.

"ओला नाही तो," थर्झा म्हणाली. "मोजे घाला आता."

एक मोजा चढला होता तेवढ्यात खाली दार धाडकन उघडलं.

"थर्झामावशी!" ॲडाच्या नवऱ्याचा, विल्फ ग्रिम्शॉचा आवाज. तो गिरणीतल्या मागावरून तसाच पळत आला असावा. नंतर लोक म्हणाले की त्याच्या केसांत कापूस होता. "थर्झामावशी, ॲडाला कळा सुरू झाल्या! ती म्हणतेय, मार्था नको, मार्थाला सांगू नका!"

"ओरडू नकोस रे. घरात माणूस गेलंय," थर्झाने वरूनच म्हटलं. "पाणी चढव आणि ॲडाला म्हणावं, फेऱ्या मार. मी आलेच."

ती जिना उतरू लागली. मिस लेथमने घाईने हात पुसले आणि ती मागोमाग निघाली.

"थांबा, मी येते तुमच्याबरोबर. दोन मुलं गेलेली बाई आहे. अशा वेळी मी तिथे असायला हवं."

थर्झा जिन्याच्या तळाशी थांबली. तिने वळून वर पाहिलं, आणि पहिल्यांदाच ती तपासणाऱ्या बाईशी बोलतेय असं वाटलं नाही.

"नाही, मिस. तुम्ही यायचं नाही. तुमचे हात आज मेलेल्याला लागलेत."

"मी कार्बोलिक साबणाने धुते. कोपरापर्यंत. दोनदा."

"धुवून मलाही त्याला आवरता आलं असतं की," थर्झा म्हणाली. "सकाळपासून मी तेच स्वतःला सांगत बसले होते."

हा नियम मिस लेथमनेच गेल्या वर्षी चर्चच्या हॉलमध्ये बारा सुईणींना उभं राहून वाचून दाखवला होता. कुणी तरी मागून विचारलं होतं, स्वतःच्या माणसाचं काय? तेव्हा ती म्हणाली होती की नियमात 'स्वतःचं' आणि 'परकं' असा फरक नाही. कुणी विचारलं होतं ते आता तिला आठवलं. मोठ्या हाडाची, शेवटच्या बाकावरची बाई.

ती जिन्यावर दोन पायऱ्या मागे सरकली.

थर्झाने धुतलेला एप्रन बांधला, पिशवीचं अस्तर, ब्रश, कात्री एकदा नजरेखालून घातलं आणि ती बाहेर पडली. जिन्याकडे तिने पुन्हा पाहिलं नाही.

मिस लेथमने दुसरा मोजा चढवला, चादर सारखी केली आणि ती खुर्चीवर बसली. तिला चार सुईणींकडे अजून जायचं होतं आणि तिथेही आज जाता येणार नव्हतं. तेव्हा एनॉक होल्टसोबत बसण्याखेरीज तिला त्या दिवशी कायद्याने दुसरं काम उरलं नव्हतं.

दुपारी मार्था आली. बुटांचा आवाज न करता आली. दारात उभी राहून तिने एनॉककडे बराच वेळ पाहिलं. बांधलेली हनुवटी, भांग, चादरीची घडी.

"कुणी केलं?"

"मी."

"हं," ती म्हणाली. "बरं केलंय. हनुवटी छान बांधलीत."

मग ती आत येऊन खिडकीच्या कट्ट्यावर टेकली. मिस लेथम बडबड सुरू व्हायची वाट पाहत राहिली, पण मार्था पडद्याच्या फटीतून पाचव्या घराकडे बघत होती.

"विल्फ माझ्या दारावरून पळत गेला," ती म्हणाली. "थांबला नाही. मला बघितलं आणि दुसऱ्या बाजूनं गेला." तिने एप्रनच्या कडेला बोट गुंडाळलं. "मी मुद्दाम नव्हतं हो केलं. हात पुसले होते मी. आम्ही सगळ्या पुसतच होतो. थर्झासुद्धा, कायदा येईपर्यंत पुसतच होती."

"माहीत आहे," मिस लेथम म्हणाली.

"त्या बाळाला पण मीच आवरलं."

दोघी बसून राहिल्या. एनॉकला विश्वास बसला नसता, पण मार्था क्लेग त्याच्या उशाशी चार तास बसली आणि त्यात ती दहा वाक्यं बोलली नसेल.

साडेपाचला गिरणी सुटली. गल्ली बुटांनी भरली आणि रिकामी झाली. पाचव्या घराचं दार उघडलं तेव्हा मार्था खिडकीत उभीच राहिली.

"चालत येतेय," ती म्हणाली. "पाय उचलून टाकतेय. वाईट असतं तर ओढत आली असती." आणि मग, ती जवळ आल्यावर, "चेहरा बघा तिचा. झालंय चांगलं." एवढं म्हणून ती वळून भिंतीकडे तोंड करून उभी राहिली आणि तिने एप्रनने नाक पुसलं.

थर्झा जिना चढून आली आणि उंबऱ्याशी थांबली.

"मुलगी," ती म्हणाली. "सात पौंडांच्या पुढे असेल. ओरडतेय अशी की मार्था, तुझीच पुतणी म्हणून खपेल."

"आणि ॲडा?" मार्थाने भिंतीकडे पाहतच विचारलं.

"बिस्किट मागतेय."

मिस लेथमने स्टुलावरून वही उचलली, मांडीवर उघडली आणि टाक दौतीत बुडवला. एनॉकच्या शेवटच्या ओळीखाली तिने नाव लिहिलं, घर लिहिलं, वेळ लिहिली.

"ताप?"

"खाचेखाली," थर्झा म्हणाली.

टाक त्या अरुंद रकान्यावर क्षणभर थांबला. बाणाचा आकडा तिला लिहिता आला असता, रेघही मारता आली असती. तिने बारीक अक्षरात 'खाचेखाली' असं लिहिलं आणि शेजारी तपासणाऱ्याची म्हणून स्वतःची सही केली.

"काय लिहिलंत?"

"तुम्ही सांगितलंत ते."

"चालेल ते?"

"तपासणारी मी आहे," मिस लेथम म्हणाली. "पण उद्यापासून कुणीतरी लिहायला हवं. दहा दिवस, रोज."

मग मार्था घसा खाकरून म्हणाली, "मला येतं लिहायला. चर्चच्या शाळेत पहिली होते मी अक्षरात."

"तू लिहिताना बोलत बसशील," थर्झा म्हणाली.

"लिहिताना मला बोलता येत नाही. दोन्ही एकदम जमत नाही."

"एनॉकला आधी सांगायला हवं होतंस हे," थर्झा म्हणाली, आणि मार्था हसायला आणि रडायला एकदमच लागली, म्हणून चहा टाकण्याचं निमित्त करून खाली गेली.

आता उंबऱ्याच्या अलीकडे मिस लेथम आणि एनॉक, पलीकडे थर्झा. तिने त्याच्याकडे सकाळपासून नीट पाहिलं नव्हतं. लक्ष सगळं मिस लेथमच्या हातांकडे होतं. आता ती पाहत होती. हात तिने एप्रनमध्ये गुंडाळून घेतले होते.

"शनिवारी पुरायचं ठरलंय," ती म्हणाली. "आणि मला ॲडाकडे दहा दिवस जायचंय."

मिस लेथमने दिवस मोजले आणि तिला कळलं. आज मंगळवार होता; दहा दिवस संपायच्या आतच एनॉकला पुरलेलं असणार होतं.

"बेचाळीस वर्षं," थर्झा म्हणाली. तिची मान खाली गेली. खांदे हलत होते, पण पाय उंबऱ्याच्या आत आला नाही. मिस लेथम खुर्चीवरून उठली आणि काय करावं ते न सुचून उभी राहिली. थर्झाजवळ जावं, तर त्याच हातांनी तिला जाता येत नव्हतं.

थोड्या वेळाने थर्झाने डोळे बाहीला पुसले.

"मिस, एक करा. कपाळावर हात ठेवा त्याच्या. बोटं नकोत. उलटा हात."

मिस लेथमने हात उलटा केला आणि एनॉकच्या कपाळावर ठेवला.

"तसाच. जरा वर, केसांपाशी. मी तिथेच ठेवते."

तिने हात जरा वर घेतला.

"लगेच काढू नका," थर्झा म्हणाली.

खाली किटलीचं झाकण खडखडू लागलं. बराच वेळ खडखडलं, मग मार्थाने ती उतरवली असावी, कारण आवाज थांबला. कपांचा आवाज आला, जिन्याखालून मार्थाने चहा झाल्याचं सांगितलं. मिस लेथमने हात काढला नाही.